एकाच मैदानाची चार नावं : स्लोव्हाकियातल्या छोट्या गावांचा खेळाचा इतिहास

नित्राकर

नमस्कार मंडळी,

२०१९ पासून मी स्लोव्हाकियातल्या नित्रा शहरात राहतोय. टाटांच्या मालकीच्या जग्वार लँड रोव्हरचा इथला कारखाना २०१८ मध्ये सुरू झाला. त्या निमित्ताने पुण्याहून आलेली आमच्यासारखी थोडी मंडळी इथे आहेत.

माझ्या एका सहकाऱ्याचं गाव इथून अर्ध्या तासावर आहे. वस्ती जेमतेम नऊशे. एक चर्च, एक दुकान, एक पब आणि एक फुटबॉलचं मैदान. मैदान म्हणजे खरंच मैदान हं! गवत कापलेलं, चुन्याच्या रेघा आखलेल्या, खेळाडूंना कपडे बदलायला पक्की खोली. एवढ्याशा गावाचा संघ जिल्ह्याच्या लीगमध्ये दर रविवारी खेळतो आणि निम्मं गाव बघायला येतं.

सहकाऱ्याचे वडील आता ७६ वर्षांचे आहेत. सगळे त्यांना 'उयो' म्हणतात, म्हणजे काका. त्यांच्या बहिणीला 'तेता' म्हणतात, ती आपली आत्या-मावशी. या दोघांनी ठरवलंय की गावच्या खेळाच्या इतिहासाचं छोटं प्रदर्शन भरवायचं. फोटो स्कॅन करून मोठे छापायचं काम माझ्याकडे आलंय.

अडलंय ते इथे. ग्रामपंचायतीच्या काचेच्या कपाटात जुने चषक आणि छोटे त्रिकोणी झेंडे आहेत. सर्वांत जुन्यावर 'सोकोल' लिहिलंय. मग एका झेंड्यावर दुसरंच नाव, नंतर बरीच वर्षं 'द्रुश्तेव्निक', आणि आजचा क्लब गावाच्या नावाने. मैदान तेच, आडनावंसुद्धा तीच. मग हा एकच क्लब धरून शतक साजरं करायचं, की चार वेगळे क्लब मानायचे? गावात यावर दोन तट पडलेत. तुम्हाला काय वाटतं?

ता.क. : मला या विषयाची गोडी चिएर्नी बालोग या गावामुळे लागली. तिथे फुटबॉलचं मैदान आणि प्रेक्षकांचा स्टँड यांच्यामधून चक्क वाफेची आगगाडी जाते. मी स्वतः पाहिलंय.

आगगाडीवेडा

ता.क. मध्ये लिहायची गोष्ट आहे का ही? धाग्याचं नाव बदला!

चिएर्नी ह्रोन नदीच्या खोऱ्यातली ही जंगलातली रेल्वे. १९०९ मध्ये बांधायला सुरुवात झाली. काम एकच, डोंगरातलं लाकूड खाली ह्रोनेत्सकडे आणायचं. सगळे फाटे धरून एके काळी १३० किलोमीटरच्या वर जाळं होतं. १९८२ मध्ये ती बंद पडली. रूळ उखडले जाणार अशी वेळ आली होती, पण तरुण स्वयंसेवकांनी सुट्ट्यांमध्ये येऊन हाताने मार्ग दुरुस्त केला आणि १९९२ पासून ती पर्यटकांसाठी पुन्हा धावायला लागली.

रुळांमधलं अंतर ७६० मिलिमीटर. आपल्या कुर्डुवाडीच्या बार्शी लाईटचं ७६२ होतं. दोन मिलिमीटरचा फरक! माझे आजोबा बार्शी लाईटने पंढरपूरला जायचे, त्यामुळे हा आकडा वाचून मला जवळचा नातेवाईक सापडल्यासारखं झालं.

पावशेर

गोल व्हायला आला आणि गाडी आडवी आली तर तो ऑफसाईड की सिग्नल?

नित्राकर

:) गाडी मैदानात शिरत नाही हो. रूळ टचलाईनच्या बाहेर आहेत, स्टँडच्या अगदी पायाशी. बाकावर बसलेल्यांच्या आणि खेळाच्या मधून गाडी जाते. शिट्टी वाजते, वाफेचा लोट उठतो, डब्यातली पोरं हात हलवतात, आणि खेळ चालूच असतो. पंचही थांबवत नाहीत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा उठून उभा राहिलो. शेजारच्या आजींनी नजर खेळाडूंवरून काढलीसुद्धा नाही. मधून डबे जात होते, तर त्या डब्यांच्या खिडक्यांमधून खेळ बघत होत्या!

संघाचं नाव तात्रान चिएर्नी बालोग. गाव आहे पाच हजारांचं, तेही जंगलात विखुरलेल्या तेरा वाड्यांचं मिळून. लाकूडतोड्यांचं गाव.

पोथीवाचक

नित्राकर, मूळ प्रश्नाकडे येते. जरा लांबण लावणार आहे, सांभाळून घ्या.

सोकोल म्हणजे ससाणा. ही व्यायामसंस्था १८६२ मध्ये प्रागला मिरोस्लाव तिर्श आणि यिंद्रिख फ्युग्नर यांनी काढली. कवायत, जिम्नॅस्टिक्स आणि त्याबरोबर राष्ट्रभावना. स्लोव्हाकिया तेव्हा हंगेरीच्या राज्यात होता, त्यामुळे तिथे सोकोल मोकळेपणी पसरली ती १९१८ मध्ये चेकोस्लोव्हाकिया झाल्यावरच. तिला उत्तर म्हणून कॅथलिकांची 'ओरोल' आली. ओरोल म्हणजे गरुड. कामगारांच्या व्यायामसंघटना वेगळ्या, ज्यूंची 'मक्काबी' वेगळी. म्हणजे एखाद्या गावात ससाणा एका हॉलमध्ये, गरुड दुसऱ्या हॉलमध्ये, आणि दोन्हीकडची पोरं संध्याकाळी एकाच माळावर चेंडू लाथाडताहेत. फुटबॉल अनेक गावांत असाच मागच्या दाराने आला. कवायत शिकवणाऱ्या जुन्या मंडळींना तो फारसा आवडत नसे.

१९३८-३९ मध्ये स्लोव्हाकियात सोकोल बंद केली गेली. युद्धानंतर ती पुन्हा उभी राहिली. मग १९४८ मध्ये कम्युनिस्ट सत्तेवर आले आणि सगळ्या क्रीडासंस्था एकाच छत्राखाली आणल्या गेल्या. गंमत अशी की त्या छत्रालाही सुरुवातीला सोकोल हेच नाव होतं! १९५३ पासून व्यवसायाप्रमाणे विभागणी झाली. रेल्वेवाल्यांची 'लोकोमोतीवा', खाणकामगारांची 'बानिक', आणि खेड्यांसाठी नाव उरलं 'सोकोल'. १९५७ मध्ये पुन्हा रचना बदलली. पुढे गावोगाव सहकारी शेती आली तशी 'द्रुश्तेव्निक' नावं आली. या शब्दाचा अर्थच सहकारी शेतीचा सभासद.

तेव्हा तुमच्या कपाटातल्या झेंड्यावर 'सोकोल' आहे म्हणून खूश होण्याआधी साल बघा. १९२५ ची सोकोल आणि १९५५ ची सोकोल यांत नावापलीकडे काही सारखं नाही. पहिली लोकांनी वर्गणी काढून उभी केली, दुसरी वरून आली. माझ्या मते हा एक क्लब नाही. ज्यांची संस्था मोडली, त्यांची संस्था 'चालूच राहिली' असं आज लिहिणं त्यांच्यावर अन्याय आहे.

तालमीतला

पोथीवाचक ताई, अभ्यास दांडगा, पण निष्कर्ष पटला नाही.

मी कोल्हापूरचा. आमच्या पेठेत कुणी तालमीच्या नोंदणीचा कागद बघत नाही. हौद्यातली माती कुणी मळली, वस्तादांनी कुणाला तयार केलं, त्याने पुढे कुणाला, ही ओळ तुटली नाही म्हणजे तालीम एकच. इथेही बाप सोकोलमध्ये खेळला, पोरगा द्रुश्तेव्निकमध्ये आणि नातू आजच्या संघात. मैदान तेच. सरकारने पाटी बदलली म्हणून बापाचं आणि पोराचं नातं बदलतं का?

पोथीवाचक

नातं बदलत नाही, पण हॉल बदलतो. सोकोलचा हॉल कुणाचा झाला, ते विचारा त्यांना. माझं म्हणणं एवढंच आहे की खेळाडूंची ओळ आणि संस्थेची ओळ वेगळी लिहावी.

आणि नित्राकर, गावाची 'क्रोनिका' मागा! चेकोस्लोव्हाकियात १९२० च्या कायद्याने प्रत्येक गावाला वृत्तान्तवही ठेवणं बंधनकारक केलं होतं. गारपीट, लग्नं, पिकं, निवडणुका, सगळं गावचा नेमलेला लेखक त्यात लिहायचा. फुटबॉलचा उल्लेख हमखास मिळेल.

सोनचाफा_प्राग

पहिल्यांदाच लिहितेय इथे. मी प्रागला असते, सासूबाई मात्र मध्य स्लोव्हाकियातल्या खेड्यातल्या. धागा त्यांना वाचून दाखवला, भाषांतर करत करत. त्यांचा पहिलाच प्रश्न : "आणि आम्ही बायका कुठे आहोत यात?"

कपाटात चषक आहेत म्हणजे फुटबॉल आहे, म्हणजे पुरुष आहेत. पण गावातल्या बायकांचा खेळाचा इतिहास म्हणजे स्पार्ताकियाद. १९५५ पासून साधारण दर पाच वर्षांनी प्रागच्या स्त्राहोव्ह स्टेडियमवर हा सामूहिक कवायतीचा सोहळा व्हायचा. शेवटचा झाला १९८५ मध्ये. दोन लाखांहून जास्त प्रेक्षक मावतील एवढं ते स्टेडियम! मैदानावर खुणा केलेल्या असत, प्रत्येकीने आपल्याच खुणेवर उभं राहायचं.

सासूबाई १९७५ मध्ये आल्या होत्या. सगळा हिवाळा गावच्या सांस्कृतिक भवनात सराव. दिवसभर गोठ्यातलं काम, संध्याकाळी टेपवरच्या संगीतावर कवायत. मग जिल्ह्याचा सोहळा, त्यातून प्रागसाठी निवड. त्यांनी तोवर प्राग पाहिलंच नव्हतं. राज्याने हे सगळं स्वतःच्या प्रचारासाठी केलं हे त्या मान्य करतात. पण डोळे मिटून आजही हातांच्या हालचाली करून दाखवतात. सत्तरी ओलांडलेली बाई स्वयंपाकघरात उभी राहून, एकही चूक न करता. मी फोनवर चित्रित करून ठेवलंय.

पोथीवाचक, तुम्हाला हे नक्की ठाऊक असेल : १९४८ च्या उन्हाळ्यात प्रागला सोकोलचा शेवटचा मोठा मेळावा झाला, तेव्हा संचलन करणाऱ्यांनी नव्या राष्ट्राध्यक्षांकडे बघितलंच नाही. मान वळवायची तिथे वळवली नाही. नंतर त्यासाठी अनेकांना त्रास झाला. म्हणजे कवायतही काही मुकाट गोष्ट नव्हती.

तालमीतला

सोनचाफा, सासूबाईंना कोल्हापूरहून नमस्कार सांगा.

बेचाळीस_किमी

थोडं अवांतर, पण गावांचंच आहे.

पूर्व स्लोव्हाकियातल्या कोशित्से शहराची मॅरेथॉन ही युरोपातली सर्वांत जुनी. पहिली शर्यत २८ ऑक्टोबर १९२४ ला झाली, म्हणजे चेकोस्लोव्हाकियाच्या स्वातंत्र्यदिनी. आणि ती शहरातून सुटलीच नव्हती! तुर्न्या नाद बोद्वोउ या गावातून सुटली आणि कोशित्सेत संपली. धावणारे किती? आठ. कारोल हाल्ला जिंकला.

दुसऱ्या वर्षापासून मार्ग बदलला. शहरातून निघायचं, दक्षिणेकडच्या सेन्या गावापर्यंत जायचं, वळायचं आणि परत यायचं. कितीतरी दशकं हाच मार्ग राहिला. अनवाणी धावून रोमला ऑलिंपिक जिंकणारा आबेबे बिकिला १९६१ मध्ये इथे जिंकला, तोही सेन्याला वळूनच. विचार करा, शेतांमधलं साधं गाव, आणि वर्षातून एकदा जगातले उत्तम धावपटू तुमच्या दारासमोर येऊन वळतात. आता शर्यत शहरातच होते. मी ती धावलोय, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी. दुसऱ्या दिवशी पाय ठणकत असतानाही बसने सेन्याला जाऊन आलो. त्या रस्त्यावर उभं राहायचं होतं मला.

पावशेर

बस्स, हा प्रतिसाद वाचून मी आज जिना चढून वर आलो. लिफ्ट नाही!

बंबवाला

खेळ म्हणजे फुटबॉल, हे गृहीत कुणी धरलं? मी दोन वर्षं पूर्व स्लोव्हाकियात होतो. तिथे गावाचा जीव खरा गुंततो तो अग्निशमनाच्या स्पर्धांमध्ये.

जवळजवळ प्रत्येक गावात स्वयंसेवी अग्निशमन दल असतं. उन्हाळ्यात शनिवारी या गावात, पुढच्या शनिवारी त्या गावात स्पर्धा. सात जणांचा संघ. शिट्टी झाली की फळीवर मांडलेल्या पंपाकडे धाव. एक जण पाणी खेचणारा जाड पाइप जोडतो, दुसरा त्याचं टोक हौदात बुडवतो, बाकीचे होस उलगडत पळतात, आणि शेवटी दोघं जण नोझल धरून लांबच्या लक्ष्यावर पाण्याचा फवारा मारतात. दोन्ही लक्ष्यं लागली की वेळ थांबते. चांगल्या संघाला वीस सेकंदही लागत नाहीत! पंप ठरलेला, पीएस १२. त्याला स्कोडाचं इंजिन असतं. ते इंजिन गावातले मेकॅनिक हिवाळाभर खोलून, घासून, पुसून तयार करतात. आपल्याकडे शर्यतीच्या बैलांना जपतात तसं.

मुलींचे संघ असतात, शाळकरी पोरांचे असतात, पस्तिशीवरच्यांचे असतात. आणि मुख्य म्हणजे खरी आग लागली तर हीच मंडळी धावतात. नित्राकर, तुमच्या गावात दल असणारच. प्रदर्शनात त्यांना जागा ठेवाच.

सोनचाफा_प्राग

बंबवाला, सासूबाई म्हणताहेत, "बरोबर. आमच्या गावात फुटबॉलवाले हरायचे आणि बंबवाले जिंकायचे."

चेंडूफळी

गावांतून काय दर्जाचे खेळाडू निघाले तेही लिहा कुणीतरी. मी लिहितो.

यान पोप्लुहार. जन्म १९३५, ब्रातिस्लाव्हाजवळच्या चेक्लिस गावात. गावाचं नाव पुढे बेर्नोलाकोवो झालं, स्लोव्हाक भाषेला पहिलं प्रमाण रूप देणाऱ्या आंतोन बेर्नोलाकवरून. १९६२ च्या विश्वचषकात चेकोस्लोव्हाकिया अंतिम सामन्यापर्यंत गेला, तेव्हा बचावफळीत हा होता. त्याच स्पर्धेत ब्राझीलविरुद्धच्या साखळी सामन्यात पेलेचा स्नायू दुखावला. तेव्हा बदली खेळाडू घेता येत नसे, त्यामुळे पेले लंगडत मैदानावरच राहिला. चेंडू त्याच्याकडे आला की पोप्लुहार आणि त्याचे सहकारी अंगावर जायचेच नाहीत. त्याला चेंडू मारू देत, मगच खेळत. सामना ०-० सुटला. विश्वचषकातला गुण पणाला लागलेला असताना! पेलेने हे आयुष्यभर लक्षात ठेवलं. माझ्या लेखी त्या गावाचा सर्वांत मोठा चषक हाच आहे.

तालमीतला

टाळ्या. कुस्तीत दुखावलेल्या खांद्याला हात न घालणारा मल्ल असतो, तसा हा.

मधलीसुट्टी

सगळ्यांचं वाचून छान वाटलं, पण एक कडू बाजूही लिहिते. मी तिथल्या ग्रामीण भागावर काम केलंय.

द्रुश्तेव्निक क्लब चालायचे ते सहकारी शेतीच्या जिवावर. संघाला न्यायला ट्रक शेतीचा, गवत कापायला यंत्र शेतीचं, खेळाडूला गावात नोकरी शेतीचीच. मैदानं आणि कपडे बदलायच्या खोल्या 'आक्त्सिया झेड' नावाच्या योजनेत गावकऱ्यांनी शनिवार-रविवारी फुकट राबून बांधल्या. नावाला ते काम स्वेच्छेचं असे. काही जण खुशीने जात, काही जण नाइलाजाने. १९८९ नंतर त्या शेती मोडल्या किंवा आक्रसल्या आणि क्लबांचा आधारच गेला. आज ग्रामपंचायतीचं थोडं अनुदान, आणि लोक आपल्या आयकरातले दोन टक्के पसंतीच्या संस्थेला देऊ शकतात ते. तरुण मुलं ब्रातिस्लाव्हाला नाहीतर ऑस्ट्रियात कामाला. अकरा जण जमवायला दोन-तीन गावांना एकत्र यावं लागतं.

उलट उदाहरणही त्याच ह्रोन खोऱ्यात आहे, चिएर्नी बालोगपासून जवळच. पोद्ब्रेझोवा हे चारेक हजार वस्तीचं गाव. तिथे १८४० पासून लोखंडाचा कारखाना आहे, विनासांधा नळ्या बनवतो. कारखान्याच्या पाठबळावर गावचा संघ २०१४ मध्ये देशाच्या सर्वोच्च लीगमध्ये पोचला. म्हणजे शेती गेली तिथे क्लब गेला, कारखाना टिकला तिथे क्लब चढला. इतिहास लिहिताना पैसे कुणी दिले हा रकाना असलाच पाहिजे. तो गाळला तर नुसत्या आठवणी उरतील.

पोथीवाचक

मधलीसुट्टी, अगदी मनातलं बोललात. आणि 'आक्त्सिया झेड'वरून माझंच मत थोडं हललंय. संस्था वरून आलेली असेल, पण मैदान लोकांच्या हातांनी झालं. तालमीतला, अर्धा मुद्दा तुमचा मान्य.

तालमीतला

अर्धा चालेल. उरलेला अर्धा पुढच्या धाग्यात घेईन. :)

नित्राकर

तीन आठवडे गायब होतो, माफ करा. काम चालू होतं. आता ताजी खबर.

क्रोनिका मिळाली! ग्रामपंचायतीतच होती, कापडात गुंडाळलेली. उयोंनी वाचली आणि मी टिपणं घेतली. त्यांत सोकोलच्या हॉलचा हिशेब आहे, कुणी किती विटा दिल्या इथपर्यंत. पुढे एका लेखकाचं अक्षर थांबतं आणि दुसऱ्याचं सुरू होतं. त्या नव्या अक्षरात हॉल सहकारी शेतीचं धान्याचं कोठार झाल्याची नोंद आहे, एका ओळीत. ती ओळ वाचून उयो बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांच्या वडिलांचं नाव विटांच्या यादीत होतं.

त्यामुळे शताब्दीचा फलक रद्द झाला. पोथीवाचक, हे तुमच्यामुळे. क्लबचं साल कुठेच लिहायचं नाही असं ठरलं. त्याऐवजी चार टेबलं, चार नावांची. प्रत्येक टेबलावर त्या काळात मैदान कुणाच्या ताब्यात होतं आणि खर्च कोण करत होतं, हे मधलीसुट्टींनी सुचवलेलं कार्ड. आणि चारही टेबलांवरून जाणारी एक लांब कागदी पट्टी, तिच्यावर खेळाडूंची घराणी : आजोबा, मुलगा, नातू. ही तालमीतल्यांची ओळ. गावातले दोन्ही तट त्या पट्टीवर आपापली आडनावं शोधायला येताहेत.

सोनचाफा, तुमच्या सासूबाईंचा प्रश्न मी तेतांना जसाच्या तसा विचारला. त्या आत गेल्या आणि १९८० च्या स्पार्ताकियादचा पोशाख घेऊन आल्या. इस्त्री केलेला. म्हणाल्या, कुणी मागितला नाही म्हणून दिला नव्हता. आता बायकांसाठी पाचवं टेबल आहे आणि सगळ्यांत आधी तेच भरलं. बंबवाला, गावच्या दलाने जुना पंप द्यायचं कबूल केलंय, फक्त तो उचलायला चार जण आणा म्हणाले.

एकच गोष्ट अडली आहे. सर्वांत जुन्या फोटोत अकरा खेळाडू उभे आहेत आणि पुढे चेंडू धरून एक लहान मुलगा बसलाय. मागे काही लिहिलेलं नाही. उयो म्हणतात तो चांभाराचा मुलगा, तेता म्हणतात मास्तरांचा. दोघं हटायला तयार नाहीत. रविवारी चारला सामना आहे. फोटो मोठा छापून मैदानावर नेतोय, म्हाताऱ्या मंडळींपैकी कुणी ओळखतं का बघतो.

आगगाडीवेडा

फोटोत मागे रूळ दिसताहेत का?